अलीकडचा पत्ता

बत्तीस घरांची एक ओळ.
सात हुकमाला गेली,
पाच-पाच दोन रजिस्टरांना,
तीन बारीकसारीक भेदांना.
उरली बारा.
या बारांत सांगायचं
की धरलेल्या खुणेपासून किती लांब जायचं.

दांडिया बाजारात, शिलाई मशीनच्या दुकानावर
आमची चार खुर्च्यांची कचेरी.
दुधातलं फॅट मोजणाऱ्या यंत्रासाठी
छोटा प्रोसेसर आखतोय,
आणि तीन आठवडे या बारांपाशीच अडलोय.

ध्रुमिल म्हणतो, शब्द चार-चार बाइटांचे,
पत्त्याची शेवटची दोन घरं कायमची शून्य.
शून्यं कशाला वाहायची?
चारने गुणा, चौपट लांब जा.
केतकी गुप्ते म्हणते, आणि जो एकटा बाइट
मधल्याच घरात राहतो, त्याचं काय?
ध्रुमिल चहा ढवळत राहतो,
साखर केव्हाच विरघळलेली.

मग चिन्हाचं भांडण.
पहिलं घर चिन्हाला दिलं
तर दोन हजार सत्तेचाळीस पुढे,
दोन हजार अठ्ठेचाळीस मागे.
नाही दिलं तर चार हजार पंच्याण्णव, सगळी पुढेच.
मी रात्रभर जुने प्रोग्राम चाळले.
शंभरदा स्मृतीकडे जाताना माणसं
(चुकलो, प्रोग्राम)
मागे वळतात चारदा.
त्या चौघांसाठी अर्धा मुलूख राखून ठेवायचा?
निंबाळकर सरांनी माझा कागद पालथा घातला,
म्हणाले, जेवून घ्या आधी.

डबा उघडला आणि कुरियरवाल्याचा फोन.
मांडवीपासून हा त्याचा तिसरा.
बँकेपाशी ये म्हटलं,
तर म्हणाला, "बँक तो मळी गई.
आगळ के पाछळ?"
माझ्या तोंडून आपसूक गेलं: अलीकडे.
मराठीत. आणि त्याला कळलं.

या एका चिन्हावर किती चालतं आमचं.
गल्लीच्या अलीकडे, पुलाच्या पलीकडे.
आई गेली तेही अजून
अलीकडेच म्हणतो मी,
अकरा वर्षं झाली.

निर्णय झाला तो काही यावरून नाही.
चिन्ह राहिलं, कारण बेरजेच्या हुकमालाही
हीच बारा घरं लागतात,
आणि चिन्ह पसरवणारी तारांची जुडी
दोघांत एक पुरते.
गुणाकार वगळला, केतकीचा बाइट वाचला.
थोडी सिलिकॉनची जागा वाचली. वीजही, चिमूटभर.
सरांनी सही केली, तारीख विसरले.

लांबच्या पत्त्याला आता दोन हुकूम लागतील,
आधी वरची वीस घरं, मग खालची बारा.
खालची बारा उणे निघाली
तर वरच्यात एक जास्तीचा मिळवायचा.
ध्रुमिलला हे काही केल्या पटेना.
पोचायचं तिथून पुढे कशाला जायचं,
आणि परत कशाला यायचं?

मी त्याला कालचा तो मुलगा आठवून दिला.
आम्ही चौघं खिडकीत, हातात पोळीचे घास,
आणि खाली तो, बँकेपर्यंत जाऊन,
दोन्ही पाय जमिनीला टेकत
मोटरसायकल उलटी रेटणारा,
शटरं मोजत,
एक, दोन,
तिसऱ्याशी थांबून
वर बघणारा.