नदी, वाकटी, विजार

दिवाळ्याच्या जेट्टीवर ओहोटी लागलीय.
होड्या चिखलात कुशीवर पडल्यात,
आणि माई वाकट्या मांडतेय
निवडणुकीच्या जुन्या फ्लेक्सवर,
पुढाऱ्याच्या दातांवरून शेपट्या लोंबतात.

"तिथं वाकटीला क बोलतान?"
ताय-यू, मी सांगते.
"ताय त तू," ती म्हणते. "यू कोन?"

तीन वर्षं झाली निंगबोला. अकरा दिवसांची रजा.
रबाळ्याच्या कंपनीने पाठवलं तेव्हा एवढंच ठाऊक होतं
की नळाच्या तोट्या तिथून येतात
आणि त्या तपासायला कोणीतरी लागतं.
शू लाओशी बुधवारी शिकवायच्या.
टेबलावर नुसतं गरम पाणी, चहा नाही.
पहिल्या दिवशी फळ्यावर दोन शब्द:
माइ, विकत घेणं. सूर खाली बुडतो, मग डोकं वर काढतो.
माइ, विकणं. सूर वरून थेट तळाला.
म्हण, त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, माई,
ते दोन्हींत बसेना. सपाट आलं, लांब,
डोक्यावर पाटी घेऊन उन्हात निघालेल्या बाईसारखं.
"या सुरात आमच्याकडे शब्दच नाही," लाओशी म्हणाल्या.
माझ्याकडे आहे, हे सांगायला लागणारं व्याकरण
अजून तीन धडे पुढे होतं.

बेलापूरच्या शाळेत पितळेबाईंनी असंच
पानीचं पाणी करून घेतलं होतं,
जीभ किती मागे न्यायची ते बोटाने दाखवून.
तीस वेळा लिहिलं. घरी येऊन माईकडे पाणी मागितलं
तर ती भावाला म्हणाली,
पावनी आयली रं, हिला पेल्यात दे.

तिथल्या बाजारात मी पाठ केलेलं वाक्य नेलं.
मासळीवालीला आयी म्हणायचं,
म्हणजे मावशी, पण कानाला ते कोण सांगणार.
गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बर्फाने सुजलेली बोटं.
तिने दिलेलं उत्तर पुस्तकात नव्हतं.
मँडरिन नव्हतंच ते. तिथल्या खाडीची बोली,
शब्दांची शेपटं गिळून टाकणारी.
शू लाओशींनाही ती येत नाही, त्या उत्तरेच्या.
मी बोट दाखवलं.
आयीने कल्ल्यात अंगठा घालून लाली दाखवली,
आणि सांगितलेला भाव मला न शिकताच कळला:
जास्त होता.

काही मोजायचं तर तिथे वस्तूआधी एक शब्द लागतो,
आपली जशी जुडी, फणी, वाटा.
लांबट, वळणाऱ्या गोष्टींना थ्याओ.
एक थ्याओ नदी. एक थ्याओ वाकटी. एक थ्याओ विजार.
मला वाटलं, शिंप्याने आणि कोळ्याने
एका रात्री बसून ठरवलं असणार हे.
मग कळलं, फोनवरच्या निरोपालाही थ्याओ.
जीवालाही.

माईचे निरोप साडेदहाला यायचे,
म्हणजे इथे आठ, भाकऱ्या झाल्यावर.
"जेवलीस क?"
सात सेकंद, त्यात मागे कुकरची शिट्टी,
कुत्रं, शेजारच्या मयूरीचं भांडण.
कधी नुसताच श्वास, मग बटण सुटायचं.
मी एकही पुसलेला नाही.

ऊन आता जेट्टीच्या पायऱ्यांवर आलंय.
सीवूड्सची एक बाई थांबते, नाकाला ओढणी,
भाव विचारते शुद्ध मराठीत.
माईच्या आधी मीच बोलायला जाते
आणि तोंडातून निघतं, शंभरला तीन थ्याओ.
बाई माझ्याकडे बघते. मग माईकडे.
"तीन नग," माई तिला सांगते.
"पोरीची जीब अजून इमानात हाय."

वाकटीवरची माशी ती मनगटाने उडवते,
वाट्यात एक जास्तीची टाकते,
का, ते विचारायचं राहून जातं.