पडद्याच्या मागून

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे इन्स्टिट्यूटात
महिन्यातून एकदा इंग्रजी सिनेमा असायचा.
पुढं फोरमन डिमेलोच्या घरच्यांना वेताच्या खुर्च्या,
मग बाबू लोकांची बाकं,
आणि आम्ही गँगमनची पोरं
पडद्याच्या मागं, लिंबाखाली, फुकटात.

मागून सगळंच उलटं.
दुकानावरची अक्षरं उलटी
(सरळ असती तरी कोण वाचणार होतं!)
आणि हिरो पिस्तूल काढायचा डाव्या हातानं.
कैक वर्षं मला वाटायचं,
गोरे लोक डावखुरेच जन्मतात.

टेकडीवर पिसं खोवलेली माणसं दिसायची
आणि दिसली की मरायची.
घोड्यासकट, कधी घोडा वाचायचा.
आम्ही टाळ्या पिटायचो.
त्यांचं नाव, गाव, काय खातात,
कुणी विचारलं नाही.

बाप एकदाच आला.
दिवसभर पहार मारून, तळहाताला गिट्टीची पांढरी धूळ.
पडद्यावर गाडी आली धूर सोडत, सगळे शिट्ट्या मारायला लागले,
आणि बापाची नजर खाली, चाकांखाली.
"हे रूळ कुणी टाकले?"
मला कळलंच नाही.
"एवढं उजाड माळ, एवढी लांब लाईन.
गँग कुठाय?"

रीळ बदलताना त्यानं मुनीर ऑपरेटरला विचारलं.
मुनीर हसला, "वो कहानी में नै है, यंकप्पा."
"मंग गाडी कशी आली कहाणीत?"

एक माणूस मात्र होता.
पाठीवर लांब वेणी, हातात ताट.
हिरोनं त्याच्याकडं न बघता नाणं फेकलं.
बाप एकदम पुढं सरकला,
"ह्याचे हात बघ. ह्यानं स्लीपर उचललेत."
मग शेवटापर्यंत वाट बघत बसला.
तो काही परत आला नाही.

आता लाईन रुंद झाली, इन्स्टिट्यूटला कुलूप आहे,
लिंबही तोडला.
परवा नातीच्या मोबाईलवर तोच सिनेमा लागला.
पहिल्यांदाच पुढून बघितला.
हिरो उजव्या हाताचा निघाला. फसवल्यासारखं वाटलं.
पिसंवाल्यांच्या सरदाराचे डोळे
चक्क निळे, गालावरचा रंग ओघळलेला.
मरणारे तेवढे तसेच मरत होते,
तेव्हा उजवीकडं पडायचे, आता डावीकडं.

नावांची पाटी दोनदा फिरवून बघितली.
वेणीवाल्याचं नाव नाही.

लाईनीवर काम चालू असलं
की बाप आधी लाल झेंडी रोवायचा,
मेल असो की मालगाडी, थांबायचीच.
तो ताट घेऊन आला तसं
मी काचेवर बोट ठेवलं.

"आजी, सोड ना, गाडी यायलीय मागून."

उभी राहू दे म्हटलं.