डीची ई झाली

लिएपायाच्या बंदरावरचा वारा दाराखालून आत येतो.
विस्वाल्दिस जुन्या डॉसच्या खोक्यात दुसरी डिस्क बसवतो
नि काल डी होती ती आज ई.
नवी आली, आल्या आल्या पाट बळकावून बसली.

"ह्यांचा हिशेब डीवरच होता," आउस्ट्रा म्हणते,
"जाळी, डिझेल, उधारी."

"आहे तिथेच आहे. हाक तेवढी बदलली."
त्याच्या लिनक्सला अक्षरंच लागत नाहीत,
सगळं एकाच मुळाला धरून;
पण ते तिला कशाला?
ए, बी फ्लॉपीच्या. फ्लॉप्या गेल्या,
त्यांच्या जागी अजून कुणी बसत नाही.
एवढं मात्र ती ऐकते.

ई उघडते.
शेवटची नोंद, त्यांचीच:
जागा संपत आली. दुसरी डिस्क घेणे.