पहिली पायरी

पेन्शनीवर आले त्या आठवड्यात
हवालदार भटू बोरसेंनी
पारोळ्याच्या आमच्या घरात, पाण्याच्या टाकीमागं,
भिंतीवर खडूनं जिना काढला.
पायऱ्या चार. वर एक लाल फुली.

मला समोर बसवलं, जशी मी नवीन भरतीची.
पहिली पायरी ज्याच्या हातात यंत्र, त्याची :
पुसणं, तेल देणं, ढिलं ते आवळणं,
आणि आवाज बदलला तर ऐकणं.
त्याच्या वर पलटणीचा मिस्त्री.
त्याच्या वर डोंगराच्या आडोशाला ताडपत्रीचं वर्कशॉप,
जिथं हे बावीस वर्षं होते.
आणि पार वर, मालगाडीनं आठ दिवस लांब,
मोठा कारखाना. तिथं तोफ बोल्ट न् बोल्ट सुटी होते
आणि पुन्हा तोफ होऊन येते.
"आपल्या पायरीचं नसेल ते उघडायचं नाही.
चिठ्ठी बांधायची, वर पाठवायचं."
फुली कशाची, मी विचारलं.
"दुरुस्तीपेक्षा नवं स्वस्त, त्याची."

एक तोफ यांनी अशीच वर पाठवली होती.
झटका गिळणाऱ्या नळीतून तेल झिरपायचं.
एका वॉशरचं काम. तसं वॉशर यांच्या खिशात होतं.
पण नळीला शिक्का, आणि शिक्का वरच्या पायरीचा.
अकरा महिन्यांनी तोफ परत आली,
नवा हिरवा रंग, कागदावर तीन सह्या,
आणि त्याच जागी तेलाचा थेंब.
हे सांगताना हे हसतात.
मग बराच वेळ हसत नाहीत.

मी भिंतीकडं पाहत होते.
ज्या वर्षी बोरी नदी नुसती वाळू होती
आणि हापशाचा दांडा माझ्या हातात निखळून आला,
तेव्हा मी कोणाला चिठ्ठी बांधली?
रंजनाला गोवर, रात्री दोनला अंग तव्यासारखं,
अमळनेरची शेवटची गाडी गेलेली.
पत्र्याला भोक, तर पळीत डांबर कढवलं.
मशीनचा पट्टा तुटला, तर सायकलची ट्यूब कापली.
तुमच्या मनिऑर्डरी उशिरा येत,
गल्लीतले ब्लाउज वेळेवर जात.
तुम्ही लिहायचे, सर्व कुशल.
मी लिहायची, सर्व कुशल.
दोन्हीकडनं शिक्का. उघडायचं नाही कोणी.

यातलं काही बोलले नाही.
कळण्याची भाकरी तव्यावर होती,
नजर हलली की करपते.

आता यांचे कान गेलेत.
चाचणीचे गोळे डाव्या अंगानं उडायचे, म्हणून डावा आधी.
धुळ्याहून यंत्र आणलं, वाटाण्याएवढं.
परवा तेही बहिरं झालं.
दुकानदार म्हणाला, कंपनीत पाठवा पुण्याला, महिना लागेल.
यांनी डबी शोधली, कापूस घातला,
सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली :
नग एक. दोष, आवाज नाही.
खाली सही, तारीख. दोऱ्यानं पक्की गाठ.

दुपारी गल्लीत कुत्रंही नव्हतं, एवढं ऊन.
हे झोपलेले. मी गाठ सोडली.
मशीनचा ब्रश, बारकी सुई.
नळीच्या तोंडाशी मळाची पिवळी गोळी बसली होती,
ज्वारीच्या दाण्याच्या निम्मी.
काढली. पुसलं. झाकण आवळलं.
उशीवर वाकून डाव्या कानात सरकवलं.
हे कूस बदलून घोरत राहिले.

हाक मारली असती.
पण परकराची शिलाई अर्धी पडली होती,
म्हणून मशीनवर जाऊन बसले,
पायडल दाबलं.

आठ-दहा टाके गेले असतील.
हे उठून बसले. माझ्याकडं नाही,
मशीनकडं पाहून म्हणाले,
"रंजनानी माय, तेल दे व तिले.
आवाज बदलना शे."