तात्पुरता

पूल नव्हता तेव्हा दोन्ही काठची गावं
एकमेकांना पाण्यात पाहायची.
नाझ्झारेनोची नाव होती, दोराला बांधलेली.
भाडं माणशी एक अंडं.
मयताला फुकट. रडणाऱ्यांना अर्धं,
म्हणून ते जोडीजोडीनं रडत.

मग दगडी पूल आला, तीन कमानींचा.
आजा सांगायचा, मधल्या कमानीत
माझी डावी करंगळी आहे.
चव्वेचाळीसच्या ऑगस्टात, ऐन जेवणाच्या वेळी,
माघार घेणाऱ्या फौजेनं तो उडवला.
आजा म्हणाला, "गेली पुन्हा,"
आणि सूप पीत राहिला.

मागून आलेल्या दुसऱ्या फौजेनं
दोन रात्रींत लोखंडी पूल जोडला,
पाटी ठोकली : तात्पुरता.
सहा महिने, म्हणाले.
त्रेसष्ट वर्षं.

त्यातली एकतीस माझी.
रस्ते खात्यात रोजंदार, म्हणजे मीही तात्पुरताच.
एकशे चव्वेचाळीस फळ्या, ओकच्या,
प्रत्येक मी निदान दोनदा बदललेली.
देल्फीना सुईणीची सायकल त्यांवरून तुरतुर जायची,
ओरेस्तेच्या ट्रकचे आधी दुधाचे कॅन वाजायचे, मग फळ्या.
एक्केचाळिसावी, कितीही खिळे मारा,
ढक् म्हणायचीच.
सत्तर-एकाहत्तरच्या फटीत
लग्नाच्या दिवशी इल्दाची टाच अडकली.
ती अनवाणी पुढे गेली,
नवरा बूट उपसत बसला.
पुढे संसारही तसाच झाला.

आंधळी एर्सीलिया खिडकीत बसून हजेरी घ्यायची.
सगळे घरी पोचले की दिवा मालवायची,
जो तिला लागतच नव्हता.

नव्या पुलाच्या उद्घाटनाला कात्री विसरली.
फीत खाटकाच्या सुरीनं कापली.
जुनं लोखंड किलोवर गेलं,
पाटी माझ्या खुराड्यावर.
काँक्रीटवरून आता काहीही जातं
आणि काहीच ऐकू येत नाही.

त्या हिवाळ्यात एर्सीलियाचा दिवा रात्ररात्र जळायचा.
तिसऱ्या आठवड्यात निरोप आला :
गावातले सगळे गेले कुठे?

एक्केचाळिसावी मी ठेवून घेतली होती.
नेऊन तिच्या दाराबाहेर टाकली,
खाली एक दगड, किंचित तिरकी.
संध्याकाळी जो तो वाट वाकडी करून
तिच्यावर पाय देतो. ढक्.
नाव कुणी सांगत नाही. ती ओळखते.

ओरेस्ते वारला, ते तिला कळवायचं राहून गेलं.
मंगळवारी मी दोनदा जातो.
दुसऱ्यांदा जरा जड पायानं.