पोहच

क्विंटलभर तुरीचं पोतं
मी पाठीवर असं घेत होतो
जसं कोणी पोराले घेते जत्रेत.
बत्तीस वर्सं, आर्णीच्या बाजार समितीत,
शेड नंबर दोन.
मुकद्दम म्हणे, उकंडा, तू मानूस नाई, ठेला हायेस.

आन् औंदा दिवाईच्या आंगावर
शर्टाची बाही उजव्या हातात चढेना.
डोक्श्याले दुपट्टा बांधाचा तं
गिरजा मांगून गाठ मारे,
पाठ खाजवाची तं दाराची चौकट.
कंगवा कानापाशी येऊन थांबे
जसा बैल नाल्यापाशी थांबते,
मारा का गोंजारा.

सरकारी दवाखान्यात बुधवारची येते
ढोक बाई, व्यायामवाली डॉक्टर.
लहानशी पोरगी,
माह्या मनगटाएवढा तिचा दंड.
तिनं माहा हात धरला, हयूच वर नेला,
"दुखलं की सांगजा, काका."
मी सांगतलं नाई.
तिले समजलं.
"ताकद लय हाये तुमच्यात," म्हणे,
"पोहच नाई.
हे स्नायू बत्तीस वर्सं आखडाचंच काम करत आले,
लांब व्हाचं त्याइले कोणी शिकवलंच नाई."

औषध काय देलं?
भिंत.
भिंतीले तोंड करून उभं राहाचं,
दोन बोटं चालवाची वर वर,
पालीवानी.
जिथी अडलं तिथी वीस मोजाचे,
दम सोडाचा, रेटाचं नाई.
रेटाचं नाई!
माही सारी जिंदगी रेट्यावर गेली, बाई.

पहिल्या दिवशी जिथवर बोटं गेली
तिथी गिरजानं चुलीतल्या कोयश्यानं रेघ मारली.
बाजूले चौथीतल्या नातीच्या उंचीची रेघ होती.
तिची वर. माही खाली.

प्रणय, भावाचा पोरगा, भरतीच्या नादात
किराण्याच्या मांगच्या टिनाच्या खोलीत लोखंड उचलते.
उचलते, आन् तिथीच ठेवते.
मी म्हटलं, बाबू,
हमालीत असं केलं तं एक रुपया नाई भेटत.
त्याच्या पावडरच्या डब्ब्यावर वाघाचं चित्र,
दोन हजार आठशेचा.
मले बी रोज एक चमचा दुधात फेटून दे,
बिस्किट भिजल्यावानी चव.
दोन हप्ते पेलो.
छाती जिथल्या तिथी, पोट फुगलं.
बाईले इचारलं तं हासली नाई.
म्हणे, डब्बा वाईट नाई, पण पहिले ताट पाहा.

पाह्यलं ताट.
भाकर, ठेचा, आन् वरण,
एवढं पातय
की वाटीच्या तयाशी कोरलेलं
गिरजाच्या बापाचं नाव वाचता ये.
बत्तीस वर्सं तूर वाह्यली मी.
गिरजा काई बोलली नाई.
दुसऱ्या दिवशी नाव दिसलं नाई.

रेघा चढत गेल्या, अर्ध्या अर्ध्या बोटानं.
मंग एक दिवस रेघ खाली आली.
त्या दिवशी मी चोरून दोन पोती उचलली होती,
भिंतीनं चुगली केली.
गिरजानं कोयसा फेकला चुलीत.
तिसऱ्या दिवशी दुसरा घेऊन आली.

होयीच्या आठ दिवस पहिले
बोटं खुटीले लागली.
तिथी माहा आकडा टांगला होता, पोत्यात रोवाचा,
चार महिन्याचा जंग धरलेला.
हातात घेतला.
लहानच वाटला.
मंग ठेवून देला
आन् फलीवरचा कंगवा घेतला.
भांग वाकडा पडला,
पण माह्या हातानं पडला.

प्रणय दारात उभा राहून पाहे,
दंडावर बनियन ताणलेली.
म्हटलं, ये इकडं, गुडघे न वाकवता
पायाचे आंगठे धरून दाखव.
वाकला.
गुडघ्याच्या खाली चार बोटं गेला
आन् पोरगं तिथीच अडकलं,
तोंड लाल, मान थरथर.

दम सोड, म्हटलं.
रेटू नोको.