चौथी कुंडी

ग्रिम्सबीत ऊन येतं ते घाईतल्या पाहुण्यासारखं,
चप्पल न काढता दारातूनच परत.
म्हणून मिरच्या काचेआड. चार कुंड्या,
एकाच वाळक्या मिरचीचं बी,
मार्चच्या बारा तारखेला, एकाच हाताने पेरलेलं.

पहिलीला कोंबडीखत.
दुसरीला गांडूळखत, शेजारच्या प्लॉटवरच्या मॉरीनने
बिस्किटांच्या डब्यातून दिलेलं;
झाकण घट्ट लाव म्हणाली, फिरायला जातात.
तिसरीला मासळीचं पाणी.
चौथीला काही नाही. माती आणि नळ.
तुलनेसाठी एक उपाशी लागतेच, विज्ञानात.
घरातही, असं माझी आई म्हणाली असती,
पण ती गोष्ट वेगळी.

मासळीची कृती मिस्टर स्टॅमर्सची.
चाळीस वर्षं गोदीवर हॅडॉक कापले,
आता सोमवार, बुधवार, शुक्रवार माझ्या वॉर्डात
चार तास, डाव्या हातात दोन सुया,
रक्त बाहेर, रक्त आत.
'डोकी घे, आतडी घे, काकवी घाल,
किनाऱ्यावरचं मूठभर शेवाळ,
सहा आठवडे झाकून ठेव,
आणि नवऱ्याला सांगू नकोस.'
सांगावं लागलं नाही.
गल्लीतल्या प्रत्येक सीगलला कळलं होतं.

यंत्र त्यांच्या रक्तातून जे गाळून फेकतं,
युरिया, पोटॅशियम, फॉस्फरस,
तेच मी संध्याकाळी झारीने वाढते.
पोटॅशियम पानांची बारीक दारं उघडतं, मिटतं,
फुलाला फळ धरायला लावतं.
मिस्टर स्टॅमर्सच्या छातीत तेच जरा जास्त झालं
की हृदय ताल विसरतं.
त्यांना टोमॅटो बंद, केळं बंद, बटाटा दोनदा उकडून.
मी दिवसभर नाही म्हणते
आणि घरी येऊन घे, अजून घे.

जूनअखेर पहिली कुंडी काळपट हिरवी,
पानं तळहाताएवढी, मिरवणारी,
फूल एक नाही.
मग कडा करपल्या. क्षार इतके साचले
की मुळांना पाणी ओढता येईना, पाण्यात उभं राहून.
अति तिथे माती म्हणतात;
इथे मातीतच अति झालं होतं.
तीन दिवस पाणी ओतून ओतून धुतली तिला.
चौथ्या दिवशी लक्षात आलं, मी सुट्टीवर नाहीच.

दुसरीचं काही सांगण्यासारखं नाही.
पांढरी तंतुमुळं कुंडीच्या भोकातून डोकावली, सात फुलं,
शहाण्या मुलीसारखी वाढली.
तिसरी आधी रुसली, मग एकोणीस.

चौथी वीतभर.
नायट्रोजन बाहेरून येणार नाही हे कळल्यावर
तिने खालची पानं पिवळी केली,
त्यांच्यातलं होतं नव्हतं काढून शेंड्याला धाडलं,
आणि देठ सोडून दिले, एकेक, आवाज न करता.
तिला सगळ्यांआधी फूल.
मिरची एकच धरली, नखाएवढी.

दर खेपेला, रक्तदाब घ्यायच्या आधी,
'किती धरल्या?'
ऑगस्टात डब्यातून नेल्या.
त्यांनी तिसरीच्या लांबसडक मिरच्यांकडे पाहिलं,
स्वतःच्या पाककृतीकडे पाहावं तसं, समाधानाने,
आणि बोट ठेवलं नखाएवढीवर.
मी मनात वजन केलं, पोटॅशियम मोजलं. चालेल.

चावले.
कान लाल, कपाळ लाल, यंत्राने एक शिट्टी मारली.
पाणी मागता येईना:
दिवसाचं माप ठरलेलं, निम्मं सकाळच्या चहात गेलेलं.
बर्फाचा एक खडा दिला.
तो गालात धरून, डोळे गळत असताना,
'हिला काय घातलं होतंस?'
काहीच नाही, म्हटलं.
ते बराच वेळ खडा चोखत राहिले.

तक्त्यात नोंद केली: बर्फ, एक.
मिरचीला रकाना नव्हता.